पत्रपेटीजवळ कोण होतं?

१

चित्रात मातीचा रस्ता होता, लाकडी कुंपण होतं, पानं गळायला लागलेली दोन मेपलची झाडं होती आणि उजव्या कोपऱ्यात खांबावरची पत्रपेटी होती. नेड्रा शूमेकरने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. पत्रपेटीच्या शेजारच्या रिकाम्या जागेवरून तिची नजर हलत नव्हती.

"माझी पोरगी कुठाय?" ती म्हणाली.

चर्चच्या तळघरात आम्ही तिघंच काम करत होतो. रोवीना कुन्झ, ग्लेन आणि मी. रोवीनाच्या हातात पांढऱ्या रंगाने भरलेला ब्रश होता, तो तसाच हवेत राहिला.

आमचा उद्योग ऐकून बाहेरगावचे लोक हसतात, हसू देत. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात वर्षभर चित्रं येतात. कुणाच्या आजीच्या दिवाणखान्यातला धबधबा, कुणाच्या दवाखान्यातला समुद्रकिनारा, सोनेरी फ्रेमा आणि फिकट डोंगर. कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. सप्टेंबर लागला की आम्ही ती खाली आणतो आणि त्यांच्यात पांढरी चादर पांघरलेली भुतं रंगवतो. धबधब्याखाली अंघोळ करणारं भूत, होडीतून फिरणारं भूत. एकतीस ऑक्टोबरला हॅलोविन, पोरं सोंगं घेऊन घरोघरी चॉकलेट मागतात; त्याच्या आधीच्या शनिवारी जत्रेत मांडली की दुपारपर्यंत एक उरत नाही. ओहायोतल्या आमच्या एवढ्याशा बेल्सफर्डमध्ये असं घर सापडणार नाही, जिथे आमचं एक तरी भूत भिंतीवर नाही.

कामाचे नियम ठरलेले आहेत. आधी मी प्रत्येक चित्रावर वार्निशचा पातळ हात देते, म्हणजे खालचं चित्र सुरक्षित राहतं. मग मागे नंबराची चिठ्ठी चिकटवते. ती चिकटल्याशिवाय कुणी ब्रश लावायचा नाही. आणि एकाच्या भुताला दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम, रोवीनाने ग्लेनच्या भुताला टोपी घातली त्या वर्षी झाला. दोघं ईस्टरपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते.

नेड्राला मी खुर्चीवर बसवलं. तिचा नवरा ऑरिन मार्चमध्ये गेला. घर विकून ती दोन खोल्यांच्या जागेत राहायला गेली आणि तिच्या मुलाने, लायलने, ऑगस्टमध्ये उरलेलं सामान खोक्यांत भरून आमच्या दुकानात आणून टाकलं. त्यातच हे चित्र आलं असणार. भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या चित्रांच्या मागे ते होतं, आणि फ्रेम नव्हती. गेला तासभर ती एकेक चित्र उलटून बघत होती. काय शोधतेयस, असं विचारलं तरी सांगत नव्हती.

"ऑरिनने काढलेलं आहे," ती म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं माझ्या कपाटात होतं. त्याच्या शर्टांच्या मागे, टॉवेलात गुंडाळून. लायलला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. वर्षातून एकदा, एकतीस ऑक्टोबरला, आम्ही दोघं ते बाहेर काढायचो."

"आणि त्यात..."

"ज्युनी होती. इथे. या पत्रपेटीला टेकून. पायात लाल मोजे, डावा घसरलेला." तिने त्या जागेवर बोट ठेवलं. "शाळेतले फोटो आहेत तिचे. केस चापूनचोपून बसवलेले, ओठ मिटलेले. त्यात ती नाहीच. ती इथे होती, लव्हॉन. कुणीतरी तिच्यावर रस्ता रंगवलाय. ज्याने झाकलीय, त्याने उघडून द्यावी. पुढच्या गुरुवारी एकतीस आहे. यंदा मी एकटीच आहे बघायला."

ज्युनी सात वर्षांची असताना गेली. नोव्हेंबरात ताप आला आणि तीन दिवसांत सगळं संपलं. गावात त्यावर कुणी बोलत नाही. आम्ही बोलत नाही याचा आम्हाला अभिमानही आहे.

"मी शोधून काढते," मी म्हणाले. विमा कंपनीत तीस वर्षं मी दावे तपासले आहेत. कोठार वीज पडून जळलं की मालकाने जाळलं, हे मी राखेकडे बघून सांगायचे. एका चित्राचं कोडं काय अवघड, असं मला वाटलं.

२

चित्र मी खिडकीपाशी नेलं आणि पर्समधलं भिंग काढलं.

आधी रस्ता बघितला. ऑरिन नुसता हौशी चित्रकार होता, आणि रंग जाड लावायचा. तेलरंगाचे फराटे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग गेले होते. त्यांच्या खाचांत बारीक जुनी धूळ बसली होती, टॉवेलाचे धागे होते. कुंपणाच्या फळ्या पत्रपेटीच्या मागून न तुटता सरळ पुढे जात होत्या. कुठे नवा थर नव्हता, रंग खरवडल्याची खूण नव्हती, ठिगळ नव्हतं.

मी पुन्हा बघितलं. मग उलट्या बाजूने, कॅनव्हास उजेडात धरून बघितलं.

म्हणजे रस्त्याखाली काही नव्हतं. ज्या जागी नेड्राने बोट ठेवलं होतं, तिथे ऑरिनने पहिल्यापासून रस्ताच रंगवलेला होता.

रोवीना माझ्या खांद्यावरून डोकावत होती. नेड्रा वर स्वच्छतागृहात गेली होती हे बघून ती हळूच म्हणाली, "लव्हॉन, बाईचं वय त्र्याहत्तर आहे. नवरा जाऊन सात महिने झालेत. कदाचित मुलगी त्यात नव्हतीच."

"लाल मोजे सांगितले तिने. डावा घसरलेला."

"माझी आई शेवटी घरात घोडा आहे म्हणायची. त्याचा रंगसुद्धा सांगायची."

मला रोवीनाचा राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की तोच विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला होता. भिंग जे दाखवत होतं ते दाखवत होतं. मुलीला कुणी झाकलं नव्हतं, खरवडलं नव्हतं. मग एक तर नेड्राचं डोकं फिरलं होतं, नाहीतर सात वर्षांची मुलगी चित्रातून स्वतःच्या पायांनी चालत गेली होती.

पायऱ्यांवर नेड्राची पावलं वाजली. खाली येताच तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "रंगाखाली आहे ना ती?"

मी म्हणाले, "अजून सांगता येत नाही." तीस वर्षांत मी असं खोटं कुणाशी बोलले नव्हते.

३

लायल शूमेकर सुतार आहे. वय त्रेचाळीस, लग्न मोडलेलं, आईकडे रोज सकाळी डोकावणारा. आमच्या चित्रांच्या फ्रेमा तोच दुरुस्त करतो, फुकट. त्याच्याकडे तळघराची किल्ली असते. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वर्कशॉपवर गेले तेव्हा तो अक्रोडाच्या लाकडाची एक छोटी फ्रेम घासत होता.

"सुंदर झालीय," मी म्हणाले. "कुणाची?"

"आहे एकाची." तो लाजला. "कॉफी घेणार, मिसेस टीग?"

"तुझ्या आईचं चित्र सापडलं ते कळलं का?"

त्याचा हात थांबला. "काल रात्री आईचा फोन आला. रडत होती. मला काही धड कळलं नाही. बाबांच्या चित्रात कुणी मुलगी होती आणि ती गेली, असं काहीतरी."

"तू बघितलं होतंस ते चित्र?"

"खोकी भरताना नाही. टॉवेलाच्या गठ्ठ्यात गेलं असणार. नंतर तळघरात बघितलं. मागे बाबांचं अक्षर होतं, पेन्सिलीने. ते वाचून कळलं की त्यांचं आहे." त्याने खाली बघितलं. "बाबांची एकुलती एक वस्तू मी कचऱ्यासारखी टाकून आलो होतो, मिसेस टीग. मला तर तोंड दाखवायची लाज वाटली."

"मग त्यात मुलगी होती?"

"नव्हती." तो सरळ माझ्याकडे बघत होता. "देवाशपथ. त्या चित्रात कुठलीही मुलगी नव्हती."

खोटं बोलणारी माणसं मी हजारोंनी बघितली आहेत. ती जास्त बोलतात. लायल खरं बोलत होता. मी गाडीत बसले तेव्हा मला नेड्राची फार दया आली. घरातल्या माणसानेच सांगितलं, मुलगी नव्हती. आता डॉक्टर, मग गोळ्या, मग तपासण्या. नेड्राची उरलीसुरली पोरगी आम्ही सगळे मिळून तिच्या डोक्यातूनही काढून घेणार होतो.

पण सवय जात नाही. ज्यांना विचारायचं त्या सगळ्यांना विचारून झाल्याशिवाय मी कधी फाइल बंद केली नाही. दुपारी तळघरात गेले. रोवीना एका तळ्यात भुतांचं कुटुंब उतरवत होती. तिची भुतं तिच्यासारखीच, जाडजूड आणि काळ्याभोर डोळ्यांची.

"त्या चित्राला मी हात लावलेला नाही," मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "ते ग्लेनचं आहे. ग्लेनला विचार."

ग्लेन पलीकडे एका गवताच्या गंजीवर भूत बसवत होता. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. त्याची भुतं सडपातळ, आणि डोळ्यांची भोकं तो रंगवत नाही, मोकळी सोडतो, म्हणजे त्यातून मागची झाडं दिसतात.

"माझं?" तो भडकला. "असला फाजीलपणा मी करीन? ते हिचं!"

"माझं कसलं, टोपीवाल्या! मी तर बघितलं तेव्हाच म्हटलं, म्हातारा चळलाय."

"चळलीस तू! भुताला कुणी पाय काढतं का?"

मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. "कुठल्या भुताला?"

"त्याच चित्रातल्या," ग्लेन म्हणाला. "दोन आठवड्यांपूर्वी त्या टेबलावर पडलेलं होतं. पत्रपेटीपाशी एवढंसं भूत. आणि चादरीखालून पाय बाहेर. वर पायांत लाल मोजे!"

४

मी खुर्ची ओढून बसले.

दोघांनीही ते भूत बघितलं होतं. रोवीनाला वाटलं ग्लेनचं, ग्लेनला वाटलं रोवीनाचं. एकमेकांच्या भुताला हात लावायचा नाही, म्हणून कुणी जवळ जाऊनही बघितलं नाही. भूत आता नाही, ते ज्याचं त्यानेच पुसलं असेल असं दोघांना वाटलं; आणि नेड्रा मुलगी म्हणत होती, म्हणून लाल मोजे ऐकूनही त्यांनी ते जोडून बघितलं नाही. आमच्या तळघरात भूत दिसलं की ते आमच्यापैकीच कुणीतरी काढलेलं असणार. याबद्दल आमच्या मनात शंकाच येत नाही. जगात इतर कुणाही तीन माणसांनी ही चूक केली नसती.

मी चित्र पुन्हा हातात घेतलं. मागे ऑरिनचं नाव आणि साल होतं, पण माझी नंबराची चिठ्ठी नव्हती. पुढून तिरक्या उजेडात धरलं. माझं वार्निश चमकतं, आणि हे चित्र सगळंच्या सगळं निस्तेज होतं. म्हणजे ते माझ्या हाताखालून गेलंच नव्हतं. आणि माझ्या हाताखालून गेल्याशिवाय या दोघांनी ब्रश लावला नसता. भांडखोर आहेत दोघं, पण कामात चोख आहेत. काल मी ही गोष्ट बघायला हवी होती. काल मी फक्त झाकलेली मुलगी शोधत होते.

भिंग लावून पत्रपेटीशेजारची जागा पुन्हा बघितली. या वेळी रस्त्याखाली नाही, रस्त्याच्या वर बघितलं. फराट्यांच्या खाचांत, सगळ्यात खोल जागी, पांढऱ्याचे सुईच्या टोकाएवढे कण राहिले होते. आणि त्या तळहाताएवढ्या जागेत जुनी धूळ नव्हती. नाक जवळ नेलं तर स्पिरिटचा उग्र वास आला.

चित्र आमच्याकडे येण्याआधीपासून भूत त्यात होतं. आणि आमच्याकडे आल्यावर कुणीतरी ते पुसलं होतं.

नेड्राच्या दोन खोल्यांत अजून खोकी उघडायची होती. तिने मला सफरचंदाचा केक दिला, मी तो खाल्ला नाही.

"नेड्रा, मला एक सांग. ज्युनीने चित्रात काय घातलं होतं?"

तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी चव्वेचाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. ती हसली.

"चादर," ती म्हणाली. "आमच्या पलंगावरची. मी तिला परी करणार होते, पंख शिवून ठेवले होते. पण तिला भूतच व्हायचं होतं. दुपारी तीनपासून चादर घालून पत्रपेटीपाशी उभी. म्हटलं, अगं, अंधार पडल्याशिवाय कुणी चॉकलेट देत नाही. तर म्हणते, मी जागा धरून ठेवतेय. ऑरिनने तो रस्ता सप्टेंबरातच रंगवून वाळत ठेवला होता. तो खिडकीतून तिच्याकडे बघत होता, हसत होता, आणि मग म्हणाला, थांब, हिला अशीच पकडतो. पांढरा रंग संपलेला. तर पोर्चला दिलेल्या रंगाचा डबा उघडला. मोज्यांना, पत्रपेटीवरची टपालाच्या खुणेची झेंडी रंगवली होती तो लाल. दहा मिनिटांत झालं. चेहरा दिसत नाही, पण उभी कशी आहे बघितलं की कळायचं. एक पाय दुसऱ्यावर ठेवून. तशी तीच उभी राहायची."

"तू काल का नाही सांगितलंस? चादर घातली होती म्हणून?"

"मी सांगितलं की. ज्युनी होती म्हणून." तिला माझा प्रश्नच कळला नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तिने काय घातलं होतं, ती कशी उभी राहायची, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही, लव्हॉन. तूच पहिली."

मी तिची शेजारीण होते. तेव्हाही होते. त्या संध्याकाळी ज्युनीला चॉकलेट मीच दिलं असणार, आणि मला ते आठवतसुद्धा नव्हतं. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

"पुसलं कुणी?" तिने विचारलं.

ते मला कळलं होतं. चर्चपासून तिच्या घरापर्यंत गाडी चालवताना मी दुसरं कुणी सापडतं का ते शोधत होते, आणि सापडलं नव्हतं. "थोड्या वेळात सांगते," म्हणत मी उठले.

५

पुसणाऱ्याला वाटलं असणार की हे भूत आमचं आहे. आमच्या थट्टेचं. ते त्याला सहन झालं नाही, म्हणजे चित्र कुणाचं आहे हे त्याला ठाऊक होतं. रोवीनाला आणि ग्लेनला ठाऊक नव्हतं. शिवाय त्यांनी एकमेकांचं भूत पुसलं असतं तर गावभर बोंब झाली असती. ज्याने पुसलं त्याने हळुवार पुसलं, रस्त्याला ओरखडा येऊ दिला नाही. नंतर चित्र फ्रेममधून काढलं आणि कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मागे लपवून ठेवलं. फ्रेम तो नवीन करत होता.

लायल वर्कशॉपच्या दारातच उभा होता. मी काही बोलायच्या आधी त्याने माझ्या हातातलं चित्र बघितलं.

"मी तुला चुकीचा प्रश्न विचारला होता, लायल," मी म्हणाले. "चित्रात भूत होतं का?"

"होतं." तो चटकन बोलला, बोलून मोकळा झाल्यासारखा. "तुमच्याबद्दल मला राग नाही, मिसेस टीग. तुम्हाला काय ठाऊक, चित्र कुणाचं ते. पण बाबांनी आयुष्यात एक चित्र जपून ठेवलं आणि मी ते तुमच्या ढिगात टाकलं आणि त्यावर भूत! आईने जत्रेत बघितलं असतं तर? मी परवा रात्री तळघरात बसून पुसलं. आता फ्रेम करून गुरुवारी तिला देणार होतो. तिला बरं वाटावं म्हणून. मग तिचा फोन आला, मुलगी गेली म्हणाली. मी म्हटलं, मुलगी तर नव्हती. पुसल्याचं सांगितलं असतं तर सगळंच कळलं असतं. मीच टाकून आलो, मीच..."

तो थांबला. मी नुसती बघत होते.

"काय?" तो म्हणाला. "काय झालं?"

मी सांगितलं. एवढं वाईट काम मी कधी केलेलं नाही. लोकांना त्यांची घरं जळाल्याचं सांगितलंय, पण ती घरं त्यांनी स्वतःच्या हाताने जाळलेली नसत, आणि जाळली असली तर त्यांना ते आधीच ठाऊक असे.

लायल हातातला घासकागद घडी करत राहिला, घडीवर घडी, लहान लहान.

"मला बहीण होती एवढंच सांगितलं होतं त्यांनी," तो म्हणाला. "मी जन्मलो त्याच्या तीन महिने आधी गेली. आई म्हणायची, तुझ्यावर तिची सावली नको. घरात तिचं नाव घ्यायचं नाही. मला वाटायचं, ते विसरले." मग त्याने विचारलं, "ती तीच होती? मी पुसली ती?"

"हो, लायल."

"आईला मी सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही नका सांगू."

६

तो आईसमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. मी दाराशी उभी होते. जायला हवं होतं, पाय निघाले नाहीत.

नेड्राने पूर्ण ऐकून घेतलं. तिने त्याला मारलं असतं, किंवा जवळ घेतलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. तिने दोन्हीही केलं नाही.

"कशाने पुसलंस?"

"स्पिरिटने. कापसाने."

"फार घासावं लागलं?"

"नाही, आई. लगेच निघालं."

तिने मान हलवली. "पोर्चचा रंग. ऑरिन म्हणालाच होता, तेलरंगावर हा टिकायचा नाही. दरवर्षी काढताना म्हणायचा, जपून धर."

लायलचं डोकं खाली गेलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. त्रेचाळीस वर्षांचा दांडगा पुरुष. मला ते बघवेना, म्हणून मी बोलले, आणि नको ते बोलले.

"नेड्रा, ग्लेन पुन्हा काढून देईल. तू सांग, तो तसंच काढेल. त्याचा हात फार चांगला आहे. मोजे, एक पाय दुसऱ्यावर, सगळं."

"ग्लेनला भुतं काढता येतात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "ती भूत नव्हती, लव्हॉन. ती माझी पोरगी होती, चादरीत."

नेड्राने खुर्चीच्या हातांवर भार देत स्वतःला उठवलं.

"तो कापूस कुठाय?"

लायलने डोकं वर केलं. त्याला कळलं नाही. मला कळलं.

"ज्याने पुसलंस तो कापूस. कुठे टाकलास?"

"खिशात भरून नेला. वर्कशॉपच्या पिंपात. भुशाबरोबर. कचरा उद्या सकाळी..."

"माझा कोट दे."

अंधार पडायच्या आत आम्ही तिथे पोचलो. लायलने पिंप जमिनीवर आडवं केलं आणि गुडघ्यांवर बसून, भुशात हात घालून एकेक बोळा वेचायला लागला. वाळून कडक झालेले, मळकट पांढरे बोळे. नेड्रा स्टुलावर बसली होती. तिने गळ्यातला रुमाल मांडीवर पसरला होता. तो एकेक बोळा फुंकून भुसा झटकायचा आणि त्या रुमालात ठेवायचा. मीही खाली बसून शोधायला लागले. मला गुडघ्याचा त्रास आहे, पण त्या दिवशी काही जाणवलं नाही.

"सगळे आहेत?" तिने विचारलं.

"हो, आई."

"पुन्हा एकदा बघ."

त्याने पुन्हा बघितलं. सगळा भुसा बोटांनी चाळला. एक आणखी सापडला, तोही त्याने ठेवला. नेड्राने रुमालाची चारी टोकं एकत्र करून सैल गाठ मारली.

परत जाताना ती पुढे बसली, मी मागे. गाठोडं तिच्या मांडीवर होतं आणि तिने त्याच्याभोवती दोन्ही हात ठेवले होते. घरोघरी पायऱ्यांवर भोपळे लागले होते. पुलाच्या अलीकडे रस्ता वळतो आणि खडबडीत होतो, तिथे ती म्हणाली, "सावकाश घे."

त्याने गाडी इतकी हळू घेतली की मागच्याने भोंगा वाजवला. लायलने वेग वाढवला नाही.